पंधरा की नऊ

गळीत हंगाम ऐन भरात होता. साखर कारखान्याच्या केनयार्डातली ऊसगाड्यांची रांग फाटकाबाहेर डांबरी रस्त्यावर गेली होती, आणि नेमका रात्री अकराच्या सुमारास वजनकाट्याचा प्रोग्राम अडला. भरली गाडी काट्यावर चढत होती, बाहेरच्या फलकावर लाल आकडा स्थिर होत होता, पण संगणकावर नोंद पुरी झाल्याची खूण काही उमटेना. काट्यावरच्या कारकुनानं गाड्या अडवल्या नाहीत. गव्हाणीत ऊस पडायचा थांबला की सगळा कारखाना थांबतो. प्रोग्रामनं वजन घेतलंय एवढं बघून तो गाड्या पुढं सोडत राहिला.

रात्रपाळीला संगणक विभागात एक नवा मुलगा होता. त्याचा हा पहिलाच हंगाम. हात चलाख, कमांड तोंडपाठ. त्यानं टर्मिनल उघडून टॉप लावलं. काट्याचा प्रोग्राम यादीत होता, पण सीपीयूचा वापर शून्य. काहीच करत नाही म्हणजे लटकलाय, असं त्यानं ठरवलं. प्रोसेसचा क्रमांक घेतला आणि किल मायनस नाइन दिली.

पुढच्याच क्षणी तोच प्रोग्राम नव्या क्रमांकानं उठून उभा राहिला. त्याच्या युनिट फाइलमध्ये ‘रीस्टार्ट’पुढं ‘ऑलवेज’ लिहिलेलं होतं. असं लिहिलं की सेवा कशीही कोसळली तरी सिस्टमडी तिला पुन्हा चालू करतं. पडद्यावर हिरवा ठिपका आला, काट्यावरून “चाललं, चाललं” असा फोन आला. थोड्या वेळानं पुन्हा तीच रड. पुन्हा नऊ नंबर. मग तिसऱ्यांदा. दर वेळी ठिपका हिरवाच होत होता, आणि मुलाला वाटत होतं आपण काटा चालता ठेवलाय.

खरा प्रकार कळला तो रिकाम्या गाड्या परत आल्यावर. उसाचं वजन दोन टप्प्यांत ठरतं: आधी भरल्या गाडीचं, मग गव्हाणीवर ऊस उतरवून आलेल्या रिकाम्या गाडीचं. दोन्हींतली वजाबाकी म्हणजे ऊस. रिकाम्या गाड्या काट्यावर चढल्या आणि प्रोग्राम म्हणू लागला, या गाडीची भरली नोंदच नाही. एक नाही, दोन नाही, ओळीनं बऱ्याच गाड्या. ऊस तर एव्हाना मिलमधून पिळून गेला होता.

मुलानं घाबरून विभागप्रमुख ताईंना फोन लावला. त्या वसाहतीतच राहायच्या, दहा मिनिटांत आल्या. त्यांनी आधी काहीच बंद केलं नाही. सिस्टमसीटीएल स्टेटस देऊन सेवेची स्थिती पाहिली, खाली लॉगच्या शेवटच्या दहा ओळी होत्या त्या वाचल्या. मग जर्नलसीटीएलनं त्याच सेवेचा अकरा वाजल्यापासूनचा लॉग काढला. ओळीमागून ओळ एकच सांगत होती: डेटाबेसची वाट पाहतोय, रांगेत इतक्या नोंदी.

“हा लटकला नव्हता रे,” ताई म्हणाल्या. “वाट बघत होता. वाट बघणारा सीपीयू कशाला खाईल?”

वाट कुणाची, ते शोधायला त्या डेटाबेसमध्ये शिरल्या. पंधरवड्याची ऊसबिलं काढायचं काम रात्री आपोआप सुरू होत असे आणि ते संपेपर्यंत वजनाच्या टेबलवर कुलूप घालून बसे. हंगामाच्या सुरुवातीला नोंदी थोड्या, त्यामुळं ते चटकन आटपायचं. आता नोंदींचा डोंगर झाला होता. ताईंनी पोस्टग्रेसला त्या एकाच कनेक्शनचं चालू काम रद्द करायला सांगितलं. कुलूप सुटलं, काटा धावू लागला.

“यालाच नऊ नंबर दिला असता तर?” मुलानं विचारलं.

“पोस्टग्रेसची एक प्रोसेस अशी मारली की मुख्य प्रोसेस कुणावरच भरवसा ठेवत नाही. सामायिक मेमरी बिघडली असेल म्हणून सगळी कनेक्शनं तोडते आणि लॉगवरून सावरायला लागते. दोन्ही काटे, ऑफिस, गोदाम, सगळं एकदम बंद पडलं असतं.”

मग त्यांनी त्याला शेजारी बसवून काट्याच्या प्रोग्रामचा कोड उघडून दाखवला. डेटाबेस अडला की वजनं मेमरीतल्या रांगेत थांबत. साधी किल दिली तर पंधरा नंबरचा सिग्नल जातो, सिगटर्म. तो मिळाला की ही सगळी रांग डिस्कवरच्या एका फाइलीत उतरवायची आणि मग बंद व्हायचं, एवढं त्या प्रोग्रामला शिकवलेलं होतं. नव्यानं सुरू होताना तो आधी तीच फाइल वाचत असे. नऊ नंबर, म्हणजे सिगकिल, प्रोग्रामला कधी कळतच नाही. तो पकडता येत नाही, टाळता येत नाही. कर्नल प्रोसेस जागच्या जागी संपवतं. सिस्टमसीटीएल स्टॉप दिलं की सिस्टमडीसुद्धा आधी सिगटर्म पाठवतं, मुळात ठरलेले ९० सेकंद थांबतं, आणि तरीही प्रोसेस हलली नाही तरच सिगकिल.

ज्यांनी ही व्यवस्था रचली त्यांचा मला फार आदर वाटतो. हाताशी पूर्ण सत्ता असताना त्यांनी आवराआवरीसाठी वेळ राखून ठेवला. दप्तर लिहीत बसलेल्या तलाठ्याला हाताला धरून उठवायचं, की हातातली ओळ पुरी करा म्हणायचं, एवढाच फरक आहे, पण गावाचा हिशेब त्यावर राहतो.

पहाटे शेतकी खात्याच्या खोलीबाहेर गाडीवान जमले. नोंद नसलेल्या गाड्यांना त्यांच्या आधीच्या खेपांची सरासरी धरायची, असं ठरलं. बीडकडच्या एका कोयत्याला ते मान्य नव्हतं. कोयता म्हणजे ऊसतोडीला आलेली नवरा-बायकोची जोडी. तोडीचे पैसे टनावर. बाई पुढं होऊन म्हणाली, “साहेब, आज आम्ही गाडी दाबून भरली व्हती. मोळ्या मीच टाकल्यात वर. लाल आकडा मी सोता बघितला.” तिनं आकडाही सांगितला. तो सरासरीपेक्षा पुष्कळ जास्त होता. पण कागदावर नव्हता, संगणकावर नव्हता, कारकुनाच्या लक्षात नव्हता. सरासरीच धरली गेली.

मुलगा तिथंच उभा होता. त्यानं सगळं ऐकलं.

ताईंनी बिलांचं काम तुकड्यातुकड्यानं, कुलूप फार वेळ न धरता होईल असं करून घेतलं. प्रोग्राम बनवणाऱ्यांनाही कळवलं, की वजन स्थिर झालं की ते आधी डिस्कवर लिहा, मेमरीच्या भरवशावर ठेवू नका. माझ्या मते मूळ दुखणं तेच होतं. शेतकऱ्याचा आणि तोडणाऱ्याचा घाम वीज गेली तर पुसून जाईल अशा जागी ठेवायचाच कशाला? हा बदल यायला मात्र महिना लागला.

तेवढ्यात एका रात्री काटा पुन्हा अडला. मुलानं स्टेटस पाहिलं, लॉग वाचला. या वेळी डेटाबेस ठणठणीत होता. मधलं नेटवर्क तुटून जोडलं गेलं होतं आणि प्रोग्राम जुनंच, मेलेलं कनेक्शन धरून बसला होता. म्हणजे सेवा बंद करून चालू करणं भाग होतं. त्यानं सिस्टमसीटीएल स्टॉप लिहिलं. कर्सर नुसता लुकलुकत राहिला. बाहेर ट्रॅक्टरांचे भोंगे सुरू झाले.

काट्यावरून कारकुनाचा फोन आला. “अरे, ते तुझं नऊ नंबरचं मार की! त्या दिवशी कसं लगेच उठलं होतं!”

“दहा गाड्यांची वजनं अजून त्याच्याकडं आहेत, काका. ती लिहून होऊ द्यात.”

कमांड परतली. मुलानं डिस्कवरची फाइल उघडली, कारकुनाला फोनवरच ठेवून एकेक गाडी नंबर आणि वजन वाचून दाखवलं, दहाही पटल्यावर स्टार्ट दिलं आणि पुढची गाडी काट्यावर घ्यायला सांगितलं.