चाकरमान्याचे अडीच हजार

महाशिवरात्रीला देवगड तालुक्यातल्या कुणकेश्वरच्या यात्रेसाठी मुंबईहून उतरणाऱ्या चाकरमान्याच्या पगारातून दरमहा दोनशे आणि फेब्रुवारीत तीनशे रुपये व्यवसाय कर कापला जातो. वर्षाला अडीच हजार. घटनेच्या 276 व्या कलमातली ही कमाल मर्यादा 1988 पासून तिथेच आहे. प्राप्तिकर केंद्राचा, पगारदाराला सूट द्यायची तर राज्याच्या हाती एवढाच कर आहे.

हा हिशेब मांडायचे कारण म्हणजे अधूनमधून कानावर येणारी एक कल्पना. सरकारी शिष्यवृत्त्या बंद पडतात, तर लोकांनी शिष्यवृत्ती-निधीला पैसे द्यावेत आणि सरकारने त्या बदल्यात कर सोडावा. बंद पडतात हे खरेच आहे. राष्ट्रीय प्रज्ञाशोध परीक्षा 2021 नंतर थांबली. मौलाना आझाद फेलोशिप 2022-23 पासून बंद झाली. ती इतर योजनांशी मिळतीजुळती असल्याचे कारण केंद्राने लोकसभेत दिले.

कॅलिफोर्नियाने 2014 मध्ये हा प्रयोग केला. देणगीच्या 60 टक्के रक्कम थेट राज्याच्या करातून वजा व्हायची. पुढे हे प्रमाण 50 टक्क्यांवर आले. आपल्या प्राप्तिकरातल्या 80जी सवलतीपेक्षा हे न्याय्य. आपल्याकडे देणगी उत्पन्नातून वजा होते, त्यामुळे तीस टक्क्यांच्या टप्प्यातल्या दात्याला जेवढा फायदा, त्याच्या फार तर सहाव्या हिश्शाइतकाच पाच टक्क्यांवाल्याला. नव्या करप्रणालीत तर तेवढाही नाही.

पण ही कल्पना देवगड तालुक्यात आणून पाहा. हापूसच्या बागायतदाराचे उत्पन्न शेतीचे, म्हणजे प्राप्तिकरातून मोकळे. ज्याला करच नाही त्याला सवलत कशातून द्यायची? गावातला पैसेवाला या योजनेबाहेर राहतो आणि उरतो परळ-लालबागपासून विरार-दिव्यापर्यंत पांगलेला पगारदार. तो आधीच देतो आहे. गावमंडळाच्या वह्यावाटपाला, गुणवंतांच्या सत्काराला, कोणत्याही सवलतीवाचून. त्यातली बरीच मंडळे 80जी च्या नोंदणीच्या वाटेला जात नाहीत, आणि गेली नाहीत तेच बरे, असे मला कधीकधी वाटते.

माझी खरी हरकत वेगळी आहे. कर सोडला की पैसा तिजोरीचाच गेला. मग मुलगा कुणी निवडायचा? कॅलिफोर्नियात देणगी राज्याच्याच शिष्यवृत्तीत जमा होई, निवड दात्याकडे नव्हती. आपल्याकडे ती मंडळाकडे गेली, तर वाडी, भावकी आणि पुढची निवडणूक हे सगळे अर्ज तपासायला बसतील. बडोद्याच्या सयाजीरावांनी 1913 मध्ये आंबेडकरांना शिष्यवृत्ती दिली, ती संस्थानच्या नोकरीच्या अटीवर. महाराज उदार होते म्हणून निभावले. अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सरकारी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती 1944 मध्ये सुरू झाली, तेव्हा मुलाला कुणाच्या मर्जीकडे पाहायचे कारण उरले नाही. अर्ज भरला, निकषात बसला, मिळाली. आज राज्याच्या महाडीबीटी पोर्टलवर हप्ता अडकला तर तो मुलगा तक्रार तरी करू शकतो. मंडळाच्या अध्यक्षाविरुद्ध कुठे करणार?

आणि याच व्यवसाय कराची एक जुनी गोष्ट महाराष्ट्र विसरला आहे. हा कर 1975 मध्ये लावला तो रोजगार हमीसाठी. वि. स. पागे यांच्या कल्पनेतल्या त्या योजनेसाठी शहरातल्या पगारदाराकडून पैसा घ्यायचा, तेवढीच भर सरकारने घालायची आणि दुष्काळी गावात मागेल त्याला काम द्यायचे. 1977 च्या कायद्याने त्या कामाला हक्काचे रूप दिले. दाता कोण आणि मजूर कोण, हे दोघांनाही एकमेकांचे कळत नव्हते.

शिष्यवृत्तीला हेच का लावू नये? कणकवलीला किंवा कोल्हापूरला खोली घेऊन शिकणाऱ्या कुणकेश्वरच्या मुलीचा खर्च फीपुरता नसतो. खाणावळ आणि भाडे त्याहून जड जाते. फीमाफी झाली तरी ते उरतेच. व्यवसाय कराचा ठरावीक वाटा कायद्याने त्यासाठी बांधून ठेवता येईल, आणि हे विधिमंडळाच्या हातात आहे. अडीच हजारांची कमाल मर्यादा मात्र घटनादुरुस्तीशिवाय हलणार नाही. ती वाढवण्याची मागणी दिल्लीत मांडावी लागेल, आणि पगारवाढ झालेल्या चाकरमान्यालाच आधी विचारावे लागेल की तो वर्षाला आणखी थोडे द्यायला तयार आहे का.