संमती आपली, आयुष्य मुलांचे



मुलाच्या नावे आपण बँकेत पैसे ठेवतो, तेव्हा ते पैसे त्याचे असतात. आपण केवळ सांभाळणारे. मग त्याचे नाव, जन्मतारीख, छायाचित्र, गुणपत्रिका, आजारपण ही माहिती कोणाची? ती मात्र आपण समोर येईल त्या अॅपमध्ये विचार न करता भरून देतो.

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निर्वाळा दिला. पुढे २०२३ साली संसदेने डिजिटल व्यक्तिगत माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर झाले आणि मुलांविषयीच्या तरतुदींसाठी तेथून अठरा महिन्यांची मुदत ठरली. या कायद्याप्रमाणे अठरा वर्षांखालील प्रत्येक जण बालक आहे. काही अपवाद वगळता, त्याची माहिती वापरण्यापूर्वी पालकांची खात्रीशीर संमती घ्यावी लागते. मुलांवर पाळत ठेवण्यास व त्यांना हेरून जाहिराती दाखवण्यास मनाई आहे. नियमभंगासाठी २०० कोटी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

कायद्याने किल्ली आपल्या हाती दिली. पण किल्ली हाती असलेला प्रत्येक जण घराचा मालक नसतो. संमती आपण देतो, परिणाम मूल भोगते. शिवाय घरगुती कारणासाठी आपण स्वतः जे करतो, त्याला हा कायदा लागू नाही. तेथे राखण करायला फक्त आपली सदसद्विवेकबुद्धी उरते.

मग मुलांना जगापासून लपवून ठेवायचे का? तसे नव्हे. डॉक्टरांना आजार सांगावाच लागतो; परदेशातल्या मावशीला वाढदिवसाचा फोटो पाठवण्यात प्रेमच असते. पण रडणाऱ्या मुलाची चित्रफीत दोनशे जणांच्या ग्रुपवर टाकली, तर त्यात मुलाचे हित कोणते? माणसाला केवळ साधन म्हणून वापरू नये, असे तत्त्ववेत्ता कांट सांगतो. आपल्या कौतुकासाठी आपलेच मूल साधन होऊ नये.

पंधरा वर्षांच्या मुलीची संमती कायदा मागत नाही. आपण मात्र मागू शकतो. ‘हा फोटो पाठवू का?’ एवढे विचारावे, आणि ती ‘नको’ म्हणाली तर तिचे ऐकावे. आपल्या ‘नको’ला घरात मान आहे हे जिला कळले, ती बाहेरही ‘नको’ म्हणायला कचरणार नाही.