आश्रितांचा श्वास

जयपूरसारख्या शहरात घरी मासे पाळणे हा थोडासा उद्दाम छंद म्हटला पाहिजे. जेथे ज्येष्ठात लू वाहते आणि मध्यरात्रीही भिंतींना हात लावला तर ऊन लागतात, तेथे बैठकीच्या कोपऱ्यात काचेची टाकी मांडावयाची, तिच्यात सोनमासे सोडावयाचे आणि बारीक घरघर करणाऱ्या एका पंपाच्या जिवावर ते जलविश्व चालवावयाचे, ह्यात निसर्गाला दिलेले आव्हान आहेच. बदलीच्या नोकरीत परक्या बंगल्याला घरपण देणाऱ्या ज्या थोड्या वस्तू असतात, त्यांत ह्या टाकीचीही गणना करावी लागेल. आपल्यातील मुंबईकरांच्या मनात तर १९५१ साली चर्नी रोडच्या समुद्रकाठी उघडलेल्या तारापोरवाला मत्स्यालयाची बालपणीची सहल कोठेतरी दडलेली असते.

परंतु येथे प्रश्न छंदाचा नाही. हा पंप बंद पडतो तेव्हा आपले पहिले कर्तव्य कोणते, हा आहे. आणि तो दिसतो तितका घरगुती नाही.

पंप थांबला की माणसाची पहिली धाव दोषाकडे असते. दोष शोधण्याची रीत मोठी रंजक आहे, हे कबूल केले पाहिजे. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेचा प्लग काढावयाचा. आवाज पूर्ण थांबला असेल तर संशय वीज, तार किंवा आतील वेटोळे ह्यांवर. गुणगुण चालू असून पाणी येत नसेल तर चुंबकाची फिरकी अडली आहे असे समजावयाचे. धार नुसती क्षीण झाली असेल तर स्पंज तुंबला आहे. जयपुराकडे कूपनलिकेचे पाणी जड. त्यातला चुना फिरकीच्या आसावर थर धरतो, आणि तो शिरक्यात बुडवून ठेवल्याखेरीज सुटत नाही. कोरड्या उन्हाळ्यात टाकीचे पाणी इतक्या झपाट्याने उडून जाते की काही दिवसांत पातळी पंपाच्या तोंडाखाली उतरते आणि पंप पाण्याऐवजी हवाच ओढू लागतो. दोष सापडला की आपल्याला एक प्रकारचा विजयानंदही होतो.

मात्र ह्या शोधाला लागणारा वेळ आपल्या खात्यातून जात नाही, माशांच्या खात्यातून जातो. २० अंश उष्णतेच्या गोड्या पाण्यात दर लिटरला सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू मावतो. ३० अंशांवर तो साडेसातच्या आसपास येतो. त्याच वेळी ऊन पाण्यातील माशाची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. दाटीने भरलेल्या टाकीतले मासे पृष्ठभागाशी येऊन तोंडे उघडमीट करू लागतात. अशा वेळी पंपाचे पेच सोडवीत बसणे हे बुद्धीचे काम असेल, दयेचे नव्हे. भांड्याने पाणी उचलून हातभर उंचीवरून पुन्हा टाकीत ओतीत राहणे, खाणे बंद करणे, शक्य तर थोडे निवळलेले पाणी बदलणे, ही कामे आधीची. त्यांना कौशल्य लागत नाही. म्हणूनच बहुधा ती आपल्याला सुचत नाहीत.

सरकारी कामात मुरलेल्या वाचकाला हा क्रम ओळखीचा वाटेल. एखाद्या तालुक्यात पाण्याची योजना बंद पडली की खुलासे मागविले जातात, जबाबदारी निश्चित होते. टँकर त्यानंतर निघतो. चौकशी अनावश्यक आहे असे मला मुळीच म्हणावयाचे नाही. तीवाचून तोच दोष पुढच्या वर्षी परत येईल. पण चौकशीला एक मोह चिकटलेला असतो: कारण सापडले की काम झाले असे वाटते. टाकीत तर ह्या मोहाचे आणखी एक रूप दिसते. पंपापाशी असलेल्या स्पंजात सूक्ष्म जंतूंची वस्ती असते. माशांच्या मलमूत्रातून निघणारा विषारी अमोनिया ते पचवितात. पाणी वाहण्याचे थांबले की कित्येक तासांत हे जंतू स्वतःच गुदमरून मरू लागतात, आणि बंद पेटीतले पाणी कुजते. अशा वेळी दुरुस्त पंप तसाच सुरू केला तर ती घाण टाकीत जाते. म्हणजे यंत्र बरे झाले आणि मासे मेले! स्पंज आधी बाहेर काढून टाकीतल्याच पाण्यात धुवावा लागतो. नळाच्या पाण्यातले क्लोरीन उरलेल्या जंतूंनाही मारते.

कोणी म्हणेल, चार मासे ते काय, आणि त्यांच्यासाठी धर्माधर्माचा एवढा खल कशाला? रविवारी ह्याच घरात बर्फातून आलेले पापलेट तळले जात नाही काय? आक्षेप टाळण्याजोगा नाही. माझे उत्तर इतकेच की, पापलेट तळणारा आपण काय करतो हे जाणून करतो. टाकीतला मासा मात्र कोणाच्याच निर्णयावाचून मरतो, आणि त्याचा जाब पंपाकडे ढकलला जातो. पंपाने काही पत्करले नव्हते. पत्करले होते ते आपण. शिबिराजाकडे कबुतर आपण होऊन शरण आले होते. आपला मासा तर आपणच विकत आणला. मग शरणागतापेक्षा आणलेल्याचा अधिकार कमी कसा?

शतपथ ब्राह्मणातील मनूची गोष्ट ह्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. हात धुण्याच्या पाण्यात आलेला इवलासा मासा त्याने प्रथम घड्यात ठेवला, वाढल्यावर खड्ड्यात, आणि अखेरीस समुद्रात नेऊन सोडला. पुढच्या जलप्रलयामुळे ही मधली हकीकत झाकली जाते. मला मात्र तीच मोलाची वाटते. मासा वाढला तसे पाणी वाढविले; घड्यालाच पुरे म्हणून मनू थांबला नाही. आपण बोटभर सोनमासा आणतो, तो वीतभर होतो, टाकी तीच राहते, आणि वाढलेली तूट आपण अधिक जोरदार पंपावर सोपवितो.

लंडनमध्ये १८५० साली रॉबर्ट वॉरिंग्टन ह्या रसायनशास्त्रज्ञाने आपल्या प्रयोगाची हकीकत प्रसिद्ध केली. दोन लहान सोनमासे, व्हॅलिस्नेरिया ही पाणवनस्पती, आणि कुजलेली पाने खाणाऱ्या काही गोगलगायी एवढ्यावर त्याने पंपावाचून पाणी निर्मळ राखले होते. दोनच मासे! पंप आल्यावर त्या जागी वीस मावू लागले. यंत्राने जीवन वाढविले हे खरे, पण ते उसन्या श्वासावर. यंत्र थांबले तरी, आपण धावून येईपर्यंत, जेवढे जगतील तेवढेच जीव पदरी घ्यावेत, असे माझे मत बनत चालले आहे. छंदिष्टांना ते कंजूषपणाचे वाटेल.

हे माप टाकीपुरते ठेवावे असेही वाटत नाही, कारण जयपूर हेच एक मोठे मत्स्यालय आहे. आमेरच्या किल्ल्यावर मावठा तलावाचे पाणी रहाटांनी टप्प्याटप्प्याने चढवीत. शेजारच्या जयगडावर मात्र डोंगरावरचे पावसाचे पाणी चरांतून उताराने टाक्यांत येई. (१९७६ साली त्याच गडावर खजिना शोधला गेला, सरकारी निवेदनानुसार काही सापडले नाही. टाक्या तेवढ्या उघड्या जागी होत्या.) ज्या रामगढ तलावाने शहराला पाणी दिले आणि ज्यात १९८२ च्या आशियाई खेळांच्या नौकाशर्यती झाल्या, तो पाणलोटातील वाटा अडल्यावर पुढे आटला. आता शहराची तहान शंभराहून अधिक किलोमीटरांवरील बनास नदीवरच्या बिसलपूर धरणावर, म्हणजे नळांवर आणि पंपांवर आहे.

राहता राहिली बदली. हुकूम आल्यावर टाकी बहुधा खुर्च्या-मेजांबरोबर मागून येणाऱ्याच्या स्वाधीन होते, आणि यादीत तिची नोंद ‘काचेची पेटी, एक’ अशी होते. मासे यादीत नसतात. निदान टाकीमागच्या भिंतीवर एक कागद डकवून जावे: पंप थांबल्यास प्रथम भांड्याने पाणी वरून ओतावे, खाणे घालू नये, प्लग काढावा, स्पंज टाकीच्या पाण्यात धुवावा, फिरकी त्यानंतर पाहावी. अक्षर मोठे असावे, आणि घरातल्या नोकरालाही वाचता यावे म्हणून मजकूर हिंदीत असावा.