मुळीचा ठावठिकाणा

ब्रुसेल्समधील मूत्रपिंडतज्ज्ञांकडे १९९२ साली ज्या स्त्रिया येऊ लागल्या, त्यांना पूर्वी मूत्रविकाराचा स्पर्शही झालेला नव्हता. तरी त्यांची मूत्रपिंडे झपाट्याने आकसून निकामी होत चालली होती. चौकशीअंती निष्पन्न झाले ते असे, की या साऱ्याजणी वजन उतरविण्यासाठी एकाच चिकित्सालयात जात होत्या आणि तेथील औषधयोजनेत १९९० पासून दोन चिनी वनस्पतींची पूड सामील झाली होती. त्यांपैकी एक ‘फांग ची’. अपेक्षित होती स्टेफानिया वेलीची मुळी; पदरात पडली ती ‘क्वांग फांग ची’, म्हणजे अ‍ॅरिस्टोलोकिया कुळातील भलत्याच वेलीची, जिच्यातील आम्ल मूत्रपिंडाचा घात करते आणि कर्करोगासही कारण होते. कापून वाळविल्यावर दोहींच्याही पांढुरक्या, पिठूळ चकत्याच होतात. आणि त्यांची पूड एकदा कॅप्सूलमध्ये गेली म्हणजे निष्णात जाणकाराची दृष्टीही तेथे कुचकामी ठरते. बाधितांची संख्या शंभराच्या पलीकडे गेली. पुढे ज्या ३९ रुग्णांची निकामी मूत्रपिंडे व मूत्रनलिका काढून तपासण्यात आल्या, त्यांपैकी १८ जणांत कर्करोग आढळल्याचे २००० साली प्रसिद्ध झाले.

चिनी वैद्यकाचे कैवारी यावर जी कैफियत मांडतात, ती सर्वस्वी निराधार नाही. मेद झडविण्यासाठी आधुनिक क्षुधानाशक औषधांच्या जोडीला ही मुळी देणे कोणत्याही प्राचीन वैद्याला मान्य झाले नसते. आणि ज्या ग्रंथपरंपरेचा धागा धरून थू योयो यांनी हिवतापावरील आर्टेमिसिनिन शोधून काढले, तिला सरसकट भोंदू ठरविणे हा निव्वळ उद्धटपणा होय. परंतु शतकानुशतके वहिवाटीत असलेले द्रव्य अपायकारक असेलच कसे, हा त्यांचा दुसरा युक्तिवाद मात्र मला मुळीच पटत नाही. वांती, मूर्च्छा, अतिसार यांची नोंद परंपरा चोख ठेवते, कारण औषध घेतल्या दिवशीच ती लक्षणे वैद्यासमोर उभी राहतात. पण जे विष दहा-वीस वर्षांनी फळ देते, त्याचा संबंध जुन्या काढ्याशी कोणी आणि कसा जोडावा? याच कुळातील ‘क्वान मू थुंग’ खुद्द चीनमध्ये राजरोस वापरात होती. तिच्यावर बंदी आली ती २००३ साली.

मालाच्या मूळस्थानाविषयीच्या ज्या अज्ञानातून चुकीची मुळी पुडीत शिरते, त्याच अज्ञानाच्या आडोशाने चोरट्या शिकारीचा मालही खपतो. चीनने १९९३ साली वाघाच्या हाडांच्या व गेंड्याच्या शिंगाच्या व्यापारास मनाई केली. तरीही सरिस्काच्या जंगलात २००४-०५ मध्ये एकही वाघ उरला नाही, आणि त्या हाडांना गिऱ्हाईक हिमालयापलीकडेच होते. खवल्या मांजराचे खवले औषधकोशाच्या द्रव्ययादीतून गेले ते २०२० साली. अस्वलाच्या पित्ताची गोष्ट तर मला अधिकच लाजिरवाणी वाटते. त्यातील गुणकारी आम्ल गेली कित्येक दशके रसायनशाळेत तयार होत असताना, ‘नैसर्गिक’ या विशेषणाच्या हव्यासापायी जिवंत अस्वले पिंजऱ्यात डांबून त्यांच्या पित्ताशयातून पित्त काढले जाते, आणि त्याला कायद्याची संमतीही आहे.

वस्तुतः औषधी तिच्या योग्य भूमीतलीच असावी, हा ‘ताओ-ती’चा दंडक चिनी वैद्यांचा स्वतःचाच, तो पाश्चात्यांनी लादलेला नव्हे. रानातून मुळी खणणारा, गावचा व्यापारी, पेठेतला अडत्या, निर्यातदार अशी हातांची साखळी लांबत गेली आणि तो दंडक दफ्तरी पडला. तो पुन्हा अमलात आणावयाचा, तर खोदणाऱ्याच्या मजुरीपासून प्रयोगशाळेच्या दाखल्यापर्यंत प्रत्येक टप्प्याची लेखी नोंद राहिली पाहिजे, आणि तिचा खर्च ग्राहकाने सोसला पाहिजे. स्वस्त काढा आणि निर्वेध वन या दोन्ही गोष्टी एकदम मागता येणार नाहीत.

आपणही या बाबतीत निर्धास्त राहण्याचे कारण नाही. आयुर्वेदातील ईश्वरी ही वेल त्या घातक अ‍ॅरिस्टोलोकियाच्याच कुळातली आहे. तेव्हा काष्ठौषधींच्या दुकानात वाचकांनी वनस्पतीचे शास्त्रीय नाव आणि ती कोठून आली हे विचारावे, आणि उत्तर मिळाले नाही तर पुडी तेथेच ठेवून परत फिरावे.