ग्रंथखरेदीतील सूट आणि वाचकाचे ऋण

दिवाळीच्या सुट्टीत ग्रंथप्रदर्शनातून स्वतःसाठी पुस्तके विकत घेणे ही सुशिक्षित मराठी वाचकाच्या आयुष्यातील एक प्रतिष्ठित कृती आहे. सणाच्या इतर खर्चाविषयी त्याला थोडे अपराधी वाटते. कपडेलत्ते आणि फराळ यांचे समर्थन तो कुटुंबाच्या नावाने करतो. पुस्तकांच्या बाबतीत असे समर्थन कोणी मागत नाही आणि तोही देत नाही. ग्रंथखरेदी ही स्वभावतःच सत्कृती होय, हे येथे गृहीत धरलेले असते. या गृहीतकाची तपासणी करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

तपासणीचे निमित्त लहान आहे. कोल्हापुरात दसरा चौकातील शाहू स्मारक भवनात आणि अन्यत्रही ग्रंथप्रदर्शने भरतात. गेल्या दिवाळीत शहरातील अशाच एका प्रदर्शनातून प्रस्तुत लेखकाने सवलतीच्या दरात सात पुस्तके घेतली. त्यांत रा. भा. पाटणकर यांची ‘सौंदर्यमीमांसा’ (१९७४) होती. घरी ती कपाटात लावताना तिची एक प्रत तेथे आधीपासूनच असल्याचे आढळले. त्या प्रतीत अकरा वर्षांपूर्वीच्या अशाच एका खरेदीची पावती खुणेदाखल ठेवलेली होती, आणि ती खूण पहिल्या प्रकरणाच्या पुढे सरकलेली नव्हती. मधल्या काळात वर्गात या ग्रंथाचा हवाला मात्र अनेकदा देऊन झाला होता.

हा प्रसंग विसराळूपणाचा म्हणून सोडून देता येईल. पण मग त्यातील नैतिक आशय हातचा निसटतो. मराठीत ‘सूट’ या शब्दाला दोन अर्थ आहेत. एक, किमतीतील कपात. दुसरा, बंधनातून वा कर्तव्यातून मोकळीक. विक्रेता पहिल्या अर्थाने सूट देतो. ग्राहक मात्र नकळत दुसऱ्या अर्थानेही ती घेतो. पुस्तक घरात आले, म्हणजे ते वाचण्याच्या जबाबदारीतून आपण जणू सुटलो, अशी ही मोकळीक असते. ग्रंथालयातून आणलेले पुस्तक परतीच्या तारखेने आपल्याला बांधून ठेवते. मालकीच्या पुस्तकाला तारीख नसते, आणि म्हणूनच ते अकरा वर्षे थांबू शकते.

खरेदीच्या क्षणी होणारा आनंद खोटा नसतो. परंतु तो आस्वादाचा आनंद नव्हे. कांटने १७९० मध्ये सौंदर्याच्या निर्णयातील आनंदाचे जे वैशिष्ट्य सांगितले, ते म्हणजे वस्तूच्या अस्तित्वाविषयीच्या हितसंबंधापासून असलेली त्याची अलिप्तता. सवलतीतील खरेदीचा आनंद नेमका याच्या उलट आहे; वस्तू आपली झाली, आणि तीही कमी किमतीत, या जाणिवेवरच तो उभा असतो. ज्या ग्रंथातून मराठी अभ्यासकाने हा भेद तपशिलाने समजून घ्यावा, तोच ग्रंथ या भेदाचा विसर पडून दोनदा घेतला जावा, यातील विरोधाभास वेगळा सांगायला नको.

मग ग्रंथसंग्रहाचा त्याग हा यावरचा उपाय आहे काय? अपरिग्रहाचे तत्त्व येथे सहज पुढे येते. परंतु ते सर्वांना सारखेच लागू करता येत नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी न्यूयॉर्कमधील विद्यार्थिदशेत पोटाला चिमटा घेऊन जुनी पुस्तके जमविली. १९१७ मध्ये मायदेशी परतताना वेगळ्या जहाजाने पाठविलेले त्यांचे ग्रंथ ते जहाज बुडाल्याने नष्ट झाले. तरीही त्यांनी पुन्हा संग्रह उभा केला आणि दादरला ‘राजगृह’ बांधताना ग्रंथांच्या निवाऱ्याचा विचार अग्रभागी ठेवला. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरापासून दूर ठेवले गेले, त्यांच्यापैकी एकाने ग्रंथ स्वतःचे म्हणणे हा परिग्रह नव्हे, तो नाकारलेल्या हक्काचा स्वीकार होय. शिवाय ते ग्रंथ वाचले गेले आणि त्यांतून इतरांसाठी काही उभे राहिले. संग्रहाची नैतिकता संख्येवर ठरत नाही. संग्राहक कोण आणि संग्रहाचे पुढे काय होते, यावर ती ठरते.

परंपरेतील ऋषिऋणाची कल्पना येथे उपयोगी पडते. हे ऋण द्रव्याने फिटत नाही; ते अध्ययनाने आणि अध्यापनाने फेडायचे असते. अर्थात ज्या व्यवस्थेने ही कल्पना दिली, तिनेच अध्ययनाचा अधिकार मोजक्यांपुरता राखला. म्हणून आज ती स्वीकारायची तर विस्तारूनच स्वीकारावी लागेल: पूर्वसूरींचे ऋण पुढच्या वाचकाला द्यायचे, आणि तो वाचक कोणत्याही घरातला असेल. कोल्हापूरला ही दृष्टी नवी नाही. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासूनचे आहे. भारतातील पहिला सार्वजनिक ग्रंथालय कायदा १९४५ मध्ये कोल्हापूर संस्थानात झाला. महाराष्ट्राचा कायदा १९६७ चा. वाचन ही केवळ खाजगी चैन नसून सार्वजनिक तरतुदीचा विषय आहे, हे या शहराने पूर्वीच मान्य केले होते.

त्याच प्रदर्शनात पदव्युत्तर वर्गातील एक विद्यार्थी भेटला होता. तो पुस्तके उचलून किमती पाहत होता आणि वहीत नावे टिपून घेत होता. “सर, ही आपल्या ग्रंथालयात मिळतात का ते बघतो,” असे तो म्हणाला. त्याने एकही पुस्तक घेतले नाही. आम्हा दोघांत त्या दिवशी वाचक कोण होता, हा प्रश्न तेव्हा सुचला नाही.

याचा अर्थ सणासुदीला स्वतःसाठी पुस्तके घेऊ नयेत असा नाही. त्या खरेदीवर प्रकाशक आणि विक्रेता तगून असतात, आणि स्वतःला आनंद देण्यात पाप नाही. म्हणणे एवढेच की, किमतीत मिळालेली सूट ही ऋणातून सूट नव्हे. उलट दारात आलेले प्रत्येक पुस्तक ते ऋण वाढविते. दुसरी प्रत त्या विद्यार्थ्याला देऊन झाली. त्याला दान म्हणता येणार नाही, कारण ती जादाची होती. पहिली प्रत अजून वाचायची आहे.