गोणीतला कडुनिंब

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या भातखाचरात युरिया पडतो, पण तो सगळा भाताला मिळत नाही. 45 किलोच्या गोणीत सुमारे 20 किलो नत्र असते. मातीतले जिवाणू त्याचे आधी अमोनियम आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेटला माती धरून ठेवू शकत नाही; पाणी मुरले की तेही मुळांखाली निसटते. भाताच्या वाट्याला येतो तो जेमतेम तिसरा हिस्सा.

कडुनिंबाच्या तेलातले घटक नायट्रेट बनवणाऱ्या जिवाणूंना काही काळ थोपवतात आणि पुढे स्वतःही मातीत कुजून जातात. पाच भाग युरियात एक भाग निंबोळी पेंड मिसळून देण्याची शिफारस जुनीच आहे. 2015 मध्ये केंद्र सरकारने देशात बनणाऱ्या सगळ्याच युरियाला निंबोळी तेलाचा लेप सक्तीचा केला. परदेशांत काही ठिकाणी नत्र हळूहळू सुटावे म्हणून पॉलिमरचे लेप वापरतात आणि त्यांचे न कुजणारे कण शेतात साचत राहतात. त्या मानाने आपला मार्ग निश्चितच शहाणपणाचा.

मात्र गोणी बदलली तशी खत देण्याची रीत बदलली नाही. धडगाव-अक्कलकुव्याच्या उतारावर जोराची सर आली की पृष्ठभागावरचा युरिया पाण्याबरोबर ओढ्याला लागतो. तिथे निंबाचे काही चालत नाही. शहाद्याकडच्या तापीकाठच्या काळ्या जमिनीत, युरिया वरच राहिला तर अमोनिया होऊन उडतो. तेही हा लेप रोखत नाही. अशा जमिनीत मका गुडघ्याएवढा झाला की वापसा बघून, ओळीलगत खत देऊन लगेच कोळपे फिरवावे, म्हणजे ते मातीआड जाते. मात्राही एकदम न देता विभागून द्यावी. इतके केले तरच लेपाचे चीज होते. खताच्या दुकानात गोणीबरोबर हे कोणीतरी सांगायला हवे, आणि तेही भिली-पावरीतून.

दुसरा प्रश्न लेपाच्या तेलाचा, म्हणजे ते ज्यातून निघते त्या निंबोळ्यांचा आहे. भरूचची जीएनएफसी ही खत कंपनी गुजरातच्या खेड्यांतल्या बायकांकडून निंबोळ्या विकत घेते. भरूच नंदुरबारपासून फार दूर नाही. ऊसतोडीला गुजरातेत गेलेली इथली कुटुंबे पावसाच्या तोंडावर घरी परततात आणि साधारण त्याच सुमारास निंबोळ्या पिकून झाडाखाली सडा पडतो. तेव्हा हातात पैसा नसतो आणि बियाण्याची खरेदी तोंडावर असते. तळोदा-शहाद्यात मे अखेरीसच निंबोळी खरेदीची केंद्रे उघडली, भाव आधी जाहीर झाला आणि वजन होताच पैसे मिळाले, तर पेरणीच्या खर्चाला तेवढाच हातभार लागेल.