कळवतो

आमच्या शहापुरातल्या जुन्या घरात, सोप्यावर, एक शिसवी खुर्ची आहे. लग्नाआधी त्या खुर्चीवर बसवून मला पाच घरच्या माणसांनी पाहिलं. त्या काळी सगळ्याच मुलींना असं बसावं लागायचं, त्यामुळं त्याचं वेगळं दुःख करावं असं काही नव्हतं. आई पोहे करायची, मी मान खाली घालून बसायची, आणि जाताना ती माणसं एकच शब्द बोलायची, "कळवतो."

पाचपैकी तिघांनी कधीच कळवलं नाही. चौथ्यांनी मध्यस्थाकडून निरोप धाडला, "मुलगी चांगली आहे, पण रंगानं जरा..." पुढचं त्यांनी बोलायची गरजच नव्हती. पाचव्या घरी मी गेले, सुखात राहिले, आणि हे सगळं विसरले असं मला वाटत होतं.

गेल्या डिसेंबरात मी पुन्हा त्याच सोप्यावर, त्याच खुर्चीवर बसले होते. यावेळी पाहणारी मी होते.

त्याचं असं झालं. माझी भाची पत्रकारिता आणि फिल्मचं शिक्षण घेते. परीक्षेसाठी तिला बारा मिनिटांची फिल्म करायची होती. गोष्ट साधी. एका घरात सहलीसाठी ठेवलेले दोनशे रुपये सापडत नाहीत. घरातली मुलगी दहा वर्षांची, आणि घरकामाला येणाऱ्या बाईची मुलगीही तेवढीच. दोघी मैत्रिणी. संशय कुणावर जाणार हे तुम्हांला सांगायला नको. या दोन भूमिकांसाठी मुली निवडायच्या होत्या. कॉलेजात जागा मिळेना, म्हणून आमचा सोपा. आणि लहान मुली येणार, त्यांच्या आया येणार, तर घरात कुणीतरी मोठं बाईमाणूस पाहिजे म्हणून मी. भाची म्हणाली, "आत्ती, तू बस की आमच्यासंगं. मार्क पण घाल. तू शाळेत तीस वर्षं तेच केलीस की."

व्हॉट्सॲपवर निरोप गेला आणि तेवीस मुली आल्या. टिळकवाडीतून, अनगोळहून, वडगावहून. कुणी रिक्षानं, कुणी वडिलांच्या स्कूटरवर पुढं उभी राहून. बहुतेकींनी सणाचे कपडे घातले होते, दोघींनी लिपस्टिक लावली होती. सत्यजित राय 'पथेर पांचाली'साठी अपू शोधत होते तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रात जाहिरात दिली होती. तेव्हा म्हणे एका मुलीचे केस कापून तिला मुलगा म्हणून घेऊन आले होते. ही गोष्ट मी वाचली तेव्हा हसले होते. त्या दिवशी आमच्या सोप्यावरच्या आया बघून हसू आलं नाही. आपल्या लेकरात काहीतरी आहे आणि ते कुणीतरी बघावं, या इच्छेला हसायचं कसं?

मुलांनी कामाची बांधणी चांगली केली होती. प्रत्येकीला नंबराची चिठ्ठी. कॅमेरा तिवईवर, एका कोपऱ्यात, म्हणजे मुली बुजू नयेत. संवादांची दोन पानं आधीच पाठवलेली. एक पान घरातल्या मुलीचं, एक कामवाल्या बाईच्या मुलीचं. समोरच्या पात्राचे संवाद भाचीची मैत्रीण वाचणार. माझ्या हातातल्या कागदावर चार रकाने होते: आवाज, चेहरा, ऐकणं, एकूण. 'ऐकणं' हा रकाना बघून मी विचारलं, हे काय? भाची म्हणाली, बोलायला कुणालाही येतं, समोरचा बोलताना जी खरोखर ऐकते ती नटी. हे मला फार आवडलं.

अकराव्या नंबराची मुलगी आत आली. सावळी, किडकिडीत, दोन वेण्या घट्ट बांधलेल्या. ती दारातून खुर्चीपर्यंत येईपर्यंत माझ्या हातानं कागदावर लिहिलं होतं, 'कामवालीच्या मुलीसाठी योग्य.' आणि त्याच हातानं मी तिच्यापुढं दुसरं पान धरलं.

तिनं पान बघितलं, माझ्याकडं बघितलं, आणि म्हणाली, "बाई, हे नाही. मी ते दुसरं पाठ करून आलोय."

दाराशी बसलेली तिची आई अर्धी उठली आणि परत बसली. एवढंच. एक शब्द बोलली नाही. पण त्या उठण्या-बसण्यात मला माझी आई दिसली, पोह्यांची बशी हातात घेऊन 'रंगानं जरा' ऐकून घेणारी. मुलगी अजून एक अक्षर बोलली नव्हती आणि माझा निकाल लागून गेला होता. ज्या काट्यावर मला तोललं, तोच काटा मी इतकी वर्षं पदराला बांधून हिंडत होते. तो बाहेर काढायला फक्त संधी मिळायची बाकी होती.

दुपारी जेवताना मी मुलांना हे सांगितलं. वाद झाला. कॅमेऱ्यावरचा मुलगा शहाणा आहे. तो म्हणाला, "बारा मिनिटांत सगळं सांगायचंय. प्रेक्षकाला बघितल्याबरोबर पटायला पाहिजे कोण कोण आहे ते." त्याचं अगदीच चूक नव्हतं. फिल्ममध्ये चेहऱ्याकडं बघूच नका असं कोण म्हणेल? आईला शोभेल अशी लेक पाहिजे, दहा वर्षांची म्हणून चौदाची मुलगी चालणार नाही. चेहरा बघणं हे या कामाचा भागच आहे. मग माझं चुकलं ते नेमकं कुठं?

मी त्याला विचारलं, "घरातली मुलगी गोरी आणि बाईची मुलगी काळी, असं गोष्टीत लिहिलंय का?" त्यानं पानं चाळली. नव्हतं. गोष्टीत फक्त एवढंच होतं की एकीच्या घरी पैसे आहेत आणि एकीच्या घरी नाहीत. रंग आम्ही आणला होता, आपापल्या घरून. तेव्हापासून मी एक साधी कसोटी धरली आहे. काम जो फरक मागतं तो बघावा. जो फरक कामानं मागितलेला नाही आणि तरी माझ्या डोळ्याला आधी दिसतो, तिथं थांबावं, कारण तिथं काम बोलत नसतं, माझी सवय बोलत असते.

आणि 'पटतं' ते तरी काय? दादासाहेब फाळक्यांनी 1913 साली 'राजा हरिश्चंद्र' केला तेव्हा तारामतीसाठी त्यांना एकही बाई मिळाली नाही. शेवटी हॉटेलात काम करणाऱ्या अण्णा साळुंके यांना त्यांनी तारामती केलं. चार वर्षांनी 'लंकादहन'मध्ये याच साळुंक्यांनी राम आणि सीता दोन्ही केले. एकच माणूस राम आणि तोच सीता, आणि लोकांनी ते बघितलं! बालगंधर्वांची शकुंतला बघून तर आपल्या आज्या त्यांच्यासारखं लुगडं नेसायला शिकल्या. पुरुष बाई म्हणून पटतो, आणि सावळी मुलगी श्रीमंत घरची म्हणून पटत नाही? पटणं हे डोळ्यांच्या सवयीचं असतं. आणि ती सवय आपल्यासारख्याच कुणीतरी, अशाच एखाद्या सोप्यावर बसून लावलेली असते.

दुपारनंतर मुलांनी नियम केला: प्रत्येकीनं दोन्ही पानं वाचायची. सकाळच्या मुलींनाही परत बोलावलं. त्यात पूर्ण दिवस गेला आणि चहाची साखर संपली. पण मजा बघा, उरलेल्या दोन्ही निवडी त्यामुळं बदलल्या. आम्ही जिला घरातली मुलगी धरून चाललो होतो, त्या गोऱ्या गुबगुबीत मुलीनं दुसऱ्या पानावरचं 'मी नाही घेतले' हे वाक्य असं म्हटलं की कॅमेऱ्यावरचा मुलगा बटण बंद करायचं विसरला. भूमिका तिला मिळाली.

आणि अकराव्या नंबराच्या मुलीला? इथं माझी गोष्ट सरळ राहिली असती तर बरं झालं असतं. तिला घरातली मुलगी मिळाली, माझ्या चुकीची भरपाई झाली, असं मला लिहिता आलं असतं. तसं झालं नाही. तिनं चांगलं वाचलं, पण सतराव्या नंबराची मुलगी तिच्याहून जास्त ऐकत होती. मला मोह झाला 'एकूण'च्या रकान्यात दोन मार्क वाढवायचा. वाढवले नाहीत. तो माझ्या मनाला आराम पडावा म्हणून केलेला दुसरा अन्याय झाला असता, आणि त्याची किंमत सतरा नंबरच्या मुलीनं मोजली असती.

राहिल्या एकवीस मुली. भाची म्हणाली, "ग्रुपवर दोन नावं टाकतो. बाकीच्यांना कळंल की." मी म्हटलं, नाही. एकेकीला फोन करायचा, आणि तो मी करणार.

दोन संध्याकाळी मी फोन केले. सोपं नव्हतं. एका वडिलांनी सुनावलं, "ओळखीच्याच पोरी घ्यायच्या होत्या तर बोलावलात कशाला?" एक मुलगी फोनवरच रडली. तेव्हा मला 'कळवतो' म्हणणाऱ्या त्या माणसांचं मन थोडं समजलं. त्यांना नकार द्यायचा नव्हता असं नाही, नकार देतानाचा समोरचा चेहरा बघायचा नव्हता. 'कळवतो' हा शब्द आपण समोरच्याला लागू नये म्हणून वापरतो असं म्हणतो, पण तो आपल्याला लागू नये म्हणून असतो. निवडणं टाळता येत नाही. दोन भूमिका आणि तेवीस मुली म्हटल्यावर एकवीस जणींना दुखणारच. मी पुष्कळ विचार केला की हे दुखावणं हिंसेत मोडतं का. मला वाटतं, नाही मोडत. पण त्यांना फोनकडं डोळे लावून बसवणं मोडतं. त्या बसण्यातून कामाचं काहीच निघत नाही. मी बसले आहे, मला ठाऊक आहे.

अकराव्या नंबरचा फोन मी शेवटी ठेवला होता. एक प्रश्न सुटत नव्हता. 'कामवालीच्या मुलीसाठी योग्य' हे मी लिहिलं होतं ते तिच्या आईला सांगायचं का?

भाद्रपदात क्षमावणीला आपण सगळ्यांची एकदम क्षमा मागतो. कळत-नकळत काही चुकलं असेल तर, म्हणतो. त्या शब्दांत मोठेपणा आहे, पण त्यांत एक सोयही आहे, हे वयानं मला शिकवलं. 'नकळत'च्या आत आपण कळूनचं बरंच काही सारून देतो. तेव्हा नेमकं चुकलेलं नेमक्या माणसापुढं ठेवावं, असं एक मन म्हणत होतं. दुसरं मन म्हणत होतं, तो कागद तिनं पाहिलेला नाही. तुझं मन हलकं व्हावं म्हणून तू तिच्या काळजात तो कागद ठेवणार का? तिला जे फक्त वाटलं होतं, ते आता खरं म्हणून सांगणार?

मैत्रिणींनो, तुम्ही काय केलं असतं मला माहीत नाही. मी मधला रस्ता काढला, आणि तो बरोबर होता अशी माझी खात्री नाही. आईला मी एवढंच म्हटलं, "त्या दिवशी न विचारता मी तिच्यापुढं दुसरं पान धरलं. ते माझं चुकलं. ती जे पाठ करून आली होती तेच आधी वाचायला द्यायला पाहिजे होतं." जे तिनं डोळ्यांनी पाहिलं होतं, तेवढ्याचीच क्षमा मागितली. पलीकडं थोडा वेळ काही आवाज नव्हता. मग ती म्हणाली, "असू दे, बाई. तुम्ही फोन तरी केलात."

'तरी' या शब्दानं मला रात्रभर झोप दिली नाही.

मग तिनं फोन मुलीकडं दिला. मुलीनं सरळ विचारलं, "मी कुठं चुकलो?"

चुकली नाहीस, म्हटलं. फक्त समोरची बोलत होती तेव्हा तू तुझं पुढचं वाक्य आठवत होतीस. ते दिसत होतं.

ती विचार करत असावी. मग म्हणाली, "होय की. पुढच्या वेळेला मी आधी ऐकतो."

तो कागद मी अजून टाकलेला नाही. भाचीनं एकदा साफसफाईत उचलला होता, मी परत घेतला. शिसवी खुर्चीजवळच्या कपाटात आहे.